वणव्यानंतर उघडे पडलेले पुरातत्त्वीय अवशेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जंगल जळालं आणि खालून हजारो वर्षांपूर्वीचं गाव निघालं’ अशी बातमी फिरायला लागली की तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथे क्रमांक दिला आहे.

१. वणव्यामुळे अवशेष सापडतात म्हणजे नेमकं काय होतं? जमीन फाटते का?

जमीन जिथल्या तिथे असते. जातं ते तिच्यावरचं गवत, झुडपं आणि वर्षानुवर्षं साचलेला पालापाचोळा. एरवी गुडघाभर गवतात किंवा करवंदीसारख्या जाळीत दडलेली दगडांची ओळ, घराचं जोतं, खापऱ्यांचा सडा हे सगळं राखेवर एकदम ठळक दिसतं. त्यामुळे वणव्यात दिसतात ते बहुतेक जमिनीच्या पृष्ठभागावरचे अवशेष. चार हात खोल गाडलेलं गाव आगीमुळे वर येत नाही. अपवाद पीट जमिनीचा. ही माती अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची असते, तीच जळते आणि मग खरोखरच एक थर उतरतो (प्रश्न १० पाहा).

२. ऑस्ट्रेलियात आगीत पिरॅमिडपेक्षा जुनं काहीतरी सापडलं म्हणे. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. ठिकाण आहे व्हिक्टोरिया राज्यातलं बुज बिम. तिथल्या गुंडिच्मारा लोकांनी ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यातले दगड रचून आणि खडक फोडून चर, बांध आणि तळी तयार केली. पुराचं पाणी वळवायचं, त्याबरोबर येणारे वाम मासे तळ्यांत अडकवायचे, वाढवायचे आणि विणलेल्या लांबट टोपल्या लावून पकडायचे, अशी ही मत्स्यशेती. तिचा अभ्यास झालेला भाग किमान ६,६०० वर्षं जुना आहे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षा दोन हजार वर्षांनी जुना. जुलै २०१९ मध्ये हे सगळं क्षेत्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस वीज पडून तिथे आग लागली. ती विझल्यावर गवतात दडलेली आणखी एक छोटी रचना दिसली. त्यात सुमारे २५ मीटर लांबीचा एक चर होता. म्हणजे वणव्यानं दाखवला तो आधीच माहीत असलेल्या, जागतिक वारसा ठरलेल्या जाळ्याचा एक तुकडा. ६,६०० हा आकडा त्या जाळ्याच्या आधी अभ्यासलेल्या भागाचा आहे. बातम्यांनी दोन्ही एकत्र शिजवून ‘आगीनं पिरॅमिडपूर्व संस्कृती शोधली’ असा मथळा केला. गुंडिच्मारांच्या घरात ही संस्कृती कधी हरवलीच नव्हती.

३. मेसा व्हर्डीत तर पुरातत्त्वज्ञ शंभर वर्षं काम करताहेत. तिथे शेकडो ठिकाणं राहून कशी गेली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उदाहरणही सगळ्यात बोलकं आहे.

कोलोरॅडोतलं मेसा व्हर्डी राष्ट्रीय उद्यान १९०६ पासून संरक्षित आहे. कड्याच्या कपारीत बांधलेली प्युब्लो लोकांची दगडी घरं पाहायला जगभरातून लोक येतात. १९९६ पर्यंत उद्यानाच्या साधारण ९० टक्के भागाची पाहणी झाली होती. त्यानंतर १९९६ ते २००३ या काळात एकामागून एक आगी लागल्या आणि निम्म्याहून अधिक उद्यान जळालं. त्यातल्या १९९६ ची चॅपिन ५ आणि २००० सालच्या बर्चर व पोनी या आगींनंतर पूर्वी नोंद नसलेली ५९३ ठिकाणं मिळाली.

राहून गेलेली बहुतेक ठिकाणं होती साधारण इसवी सन ५०० ते ९०० या काळातली. तेव्हाचे लोक पठारावर, जमिनीत अर्धवट खणलेल्या घरांत राहत. छप्पर पडलं, खड्डा मातीनं भरला की उरतो एक बसका उंचवटा आणि थोड्या खापऱ्या. त्यावर पिन्यॉन आणि जुनिपरची दाट झाडी. बाराव्या-तेराव्या शतकातली कड्यातली घरं मैलावरून दिसतात, आणि ही शेजारून गेलं तरी कळत नाहीत. पाहणीत चूक झाली असं नाही. झाडीत शिरून केलेल्या पाहणीची मर्यादाच तेवढी असते.

मला मात्र त्या घरांपेक्षा दुसरी यादी मोलाची वाटते: ओढ्या-नाळींत आडवे घातलेले १,१८९ बांध, उतारावरच्या शेतीच्या ३४४ पायऱ्या आणि ५ जलाशय. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ज्याला अनघड दगडी बांध म्हणतात, साधारण तेच. पावसाचं पाणी थोपवायचं, माती अडवायची आणि त्या ओल्या पट्ट्यात मका घ्यायचा. ही कामं नंतरच्या, म्हणजे कड्यांत घरं बांधणाऱ्या काळापर्यंतची आहेत. एकेक बांध पाहिला तर त्यात पाहण्यासारखं काही नाही, गुडघ्याइतके ओबडधोबड दगड. पण अख्खी नाळ जळून मोकळी झाली आणि एकाखाली एक बांधांची रांग दिसली, तेव्हा तिथल्या शेतीचा पसारा कळला. पर्यटक अजूनही कड्यातलेच फोटो काढतात, तो भाग वेगळा.

४. फक्त प्राचीन गोष्टीच दिसतात का?

नाही. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे हेड नावाची टेकडी आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात तिथली काटेरी झुडपं जळाली आणि आकाशातून ‘एरा’ (EIRE) हे देशाचं आयरिश भाषेतलं नाव दिसलं. पोलिसांच्या हेलिकॉप्टरला ते आधी दिसलं. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता. खाली तटस्थ देश आहे हे वैमानिकांना कळावं म्हणून किनाऱ्यावर ऐंशीच्या वर ठिकाणी पांढऱ्या दगडांची अशी अक्षरं रचली होती. ब्रे हेडच्या अक्षरांजवळ ८ हा आकडाही आहे, तो तिथल्या टेहळणी चौकीचा. पंचाहत्तरेक वर्षांत झुडपांनी सगळं गिळलं होतं. स्थानिक स्वयंसेवकांनी नंतर दगड साफ करून रंगवले.

५. कस्टरच्या लढाईचं मैदान आगीमुळे ‘बोलू लागलं’ असं वाचलं. ते काय प्रकरण आहे?

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५-२६ जून १८७६ ला लाकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी योद्ध्यांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीचा पाडाव केला. कस्टरबरोबरच्या दोनशेहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही, त्यामुळे सैन्याच्या बाजूनं शेवट सांगणारं कुणी उरलं नाही. लाकोटा आणि शायेन लोकांनी हकिगती सांगितल्या होत्या, पण त्या विसंगत आहेत म्हणून बरीच वर्षं बाजूला ठेवल्या गेल्या.

ऑगस्ट १९८३ मध्ये मैदानावरचं गवत जळालं. रिचर्ड फॉक्स यांनी पाहणी केली आणि जमिनीवर पुष्कळ काही शिल्लक असल्याचं सांगितलं. १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि फॉक्स यांनी स्वयंसेवकांच्या हाती मेटल डिटेक्टर देऊन मैदान पट्ट्यापट्ट्यानं चाळलं. पाच हजारांच्या आसपास वस्तू मिळाल्या. प्रत्येकीच्या जागी खूण रोवून अचूक स्थान नोंदलं.

खरी गंमत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत होती. बंदूक उडवताना तिची पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि खोलगट ठसा सोडते. हा ठसा बंदुकीगणिक वेगळा असतो. खुनाच्या तपासात पोलीस जी तपासणी करतात तीच इथे शंभरेक वर्षं जुन्या पुंगळ्यांवर केली. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या मैदानात कुठे कुठे पडल्या ते जोडत गेलं की ती बंदूक कुठून कुठे गेली हे नकाशावर मांडता येतं. योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर या लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या बंदुका चांगल्या संख्येनं होत्या हेही स्पष्ट झालं. सैन्याकडे होत्या एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड. आणि आधी बाजूला टाकलेल्या योद्ध्यांच्या हकिगती अनेक ठिकाणी पुराव्याशी जुळल्या.

इथे आगीचं काम गवत हटवण्यापुरतं. बाकी सगळं नंतरच्या दोन उन्हाळ्यांच्या घामाचं.

६. आता लायडार आहे. झाडीखालचं विमानातून दिसतं. मग वणव्यानंतरच्या पाहणीला काय अर्थ?

लायडार झाडांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचलेल्या लेसर किरणांवरून जमिनीचा उंचसखलपणा काढतो. बांध, पायऱ्या, तटबंदी, रस्ते यासाठी तो उत्तम. पण खापरी, मणी, बाणाचं दगडी टोक किंवा पुंगळी त्यात दिसत नाही. कोरीव चित्रही दिसत नाही. बुटक्या दाट झुडपात तर किरणांना जमीन सापडणंच कठीण जातं. जळालेल्या जमिनीवर चालत केलेल्या पाहणीत नेमक्या या बारीक वस्तू मिळतात. वायोमिंगमधल्या शोशोनी राष्ट्रीय वनात २००६ च्या लिटल व्हीनस आगीनंतर लॉरेन्स टॉड आणि सहकाऱ्यांना पहाडी शोशोनी लोकांच्या तळांवर अशाच लहान वस्तू मोठ्या संख्येनं मिळाल्या.

७. आगीनं अवशेषांचं नुकसान होत नाही का?

होतं, आणि बातमीत तेवढंच गाळलं जातं.

सगळ्यात आधी जातं लाकूड, हाड, कातडं. वायोमिंगच्या त्याच डोंगरांत (प्रश्न ६) लाकडी ओंडके रचून केलेले रानमेंढ्या पकडायचे सापळे आणि खांबांच्या झोपड्या आहेत. आग तिथल्या राखेतले मणी दाखवते आणि शेजारची झोपडी घेऊन जाते.

दगडही सुटत नाही. वाळूच्या खडकाचा बाहेरचा थर तापून फुगतो, आतला गारच राहतो, आणि गरम पेल्यात गार पाणी ओतल्यावर काच तडकते तसा पृष्ठभाग सुटतो. मराठीत ढलपा उडणं म्हणतात ते हेच. ढलपा कोऱ्या दगडाचा असेल तर फार बिघडत नाही. पण कोरीव चित्र असतं दगडाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये, म्हणजे ढलप्याबरोबर चित्र खाली. मेसा व्हर्डीत १९९६ च्या आगीत बॅटलशिप रॉक नावाच्या कातळावरच्या कोरीव चित्रांचं असंच झालं. ५९३ नव्या ठिकाणांचा आकडा (प्रश्न ३) सांगताना हा हिशेबही शेजारी मांडायला हवा.

याखेरीज लोह असलेला पिवळा खडक तापून लाल होतो. चकमकीच्या दगडाच्या हत्यारांना तडे जातात, त्यांच्यावरून गोल चकत्या उडतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे लढाईच्या मैदानावरची जुनी गोळी पेटलेल्या ओंडक्याखाली सापडली तर तिचा आकारच जातो. ज्वालामुखी काचेच्या, म्हणजे ऑब्सिडियनच्या हत्यारांवर काळाबरोबर पाणी मुरून एक सूक्ष्म थर तयार होतो. त्यावरून वय काढतात. मोठ्या उष्णतेत तो थर पुसला जातो. वस्तू हातात राहते, वय सांगायची तिची एक वाट बंद होते.

८. मग जमिनीखालचंही सगळं भाजून निघत असेल?

बहुधा नाही. माती उष्णतेची वाईट वाहक आहे. गवताची आग काही मिनिटांत पुढे सरकते आणि थोड्या सेंटिमीटरखाली तिचा फारसा पत्ता लागत नाही. घात करतो तो पडलेला ओंडका आणि झाडाचा बुंधा. ओंडका एकाच जागी तासन्‌तास धुमसतो. बुंध्याची आग मुळांतून खाली उतरते आणि जमिनीत बोगदे करते. म्हणून आगीचा धोका आधी ओळखला असेल तर प्राचीन जोत्यांवर पडलेली लाकडं उचलून बाजूला करणं हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

९. आग विझवतानाही नुकसान होतं का?

पुष्कळदा आगीपेक्षा जास्त. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला बुलडोझर घातला की माती खरवडून निघते, आणि जोतं असेल तर तेही. विमानातून टाकतात त्या आग रोखणाऱ्या द्रावणात लोह ऑक्साइडचा लाल रंग घातलेला असतो, तो दगडावर बसतो. तापलेल्या दगडावर एकदम गार पाणी पडलं की ढलपे आणखी उडतात. न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियर परिसरात १९७७ च्या ला मेसा आगीत पुरातत्त्वज्ञ बुलडोझरच्या पुढे चालून वाट दाखवत होते. अशा पद्धतीचं ते सुरुवातीचं उदाहरण. आता अमेरिकेत मोठ्या आगींवर असा माणूस नेमणं नेहमीचं झालं आहे.

१०. दिसलेलं सगळं लगेच खणून का काढत नाहीत? आणि ते किती दिवस दिसतं?

इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये फायलिंगडेल्सच्या माळावर सप्टेंबर २००३ मध्ये सुमारे अडीच चौरस किलोमीटर भाग जळाला. हेदरची झुडपं गेली आणि खालचं पीटही कित्येक ठिकाणी जळून गेलं. दिसलं ते सरमिसळ: कांस्ययुगातले दफनाचे ढिगारे, प्रागैतिहासिक कोरीव दगड, तुरटीच्या कारखान्याच्या खुणा, दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाचे खंदक. एका दगडावर रेषांची इतकी वेगळी नक्षी होती की त्याचं लेसर मापन केलं. मग तो दगड पुन्हा पुरून टाकला.

‘पुरला?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. उघड्यावर ऊन, पाऊस, दहिवर आणि हौशी हात, चारही त्याच्या मुळावर. मातीत तो चार हजार वर्षं टिकला होता. उत्खनन म्हणजे तर अवशेष कायमचा सोडवून घेणं, पुन्हा तसाच मांडता येत नाही. म्हणून नोंद, नकाशा, फोटो, मापन एवढं करून बहुतेक ठिकाणी हात आवरतात.

वेळही कमी असतो. पुढच्या पावसात गवत येतं. त्याआधी तोच पाऊस उघडी जमीन धुऊन नेतो. मोठ्या आगीनंतर काही ठिकाणी मातीच्या वरच्या थरात मेणचट द्रव्यं साचून पाणी मुरेनासं होतं आणि सगळं पाणी उताराला धावतं. फायलिंगडेल्सला म्हणूनच पाहणी चालू असतानाच हेदर आणि गवत पुन्हा लावायचं कामही घेतलं होतं.

११. जळलेला कोळसा आयता मिळतो. कार्बन डेटिंग सोपं होत असेल ना?

उलट अवघड होतं. ताज्या आगीचा कोळसा मुळांच्या बोगद्यांतून (प्रश्न ८) जुन्या थरांत उतरतो. नमुना बेसावधपणे घेतला तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीऐवजी गेल्या वर्षीच्या झुडपाचं वय हाती येतं. खापरी खूप तापली असेल तर ऊष्मादीप्ती पद्धतीचं, म्हणजे शेवटचं तापल्यापासून खापरीत साठलेल्या ऊर्जेवरून वय काढायचं, घड्याळही शून्यावर येतं, आणि ती भाजल्याच्या तारखेऐवजी वणव्याची तारीख सांगते.

१२. जेरुसलेमच्या आगीत ‘प्राचीन पायऱ्या सापडल्या’ हे त्यातलंच का?

ऑगस्ट २०२१ मध्ये जेरुसलेमच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवरची झाडी जळाली आणि उतारभर दगडी पायऱ्यांची शेती दिसली, हे खरं. तिथली पाइनची पुष्कळ झाडी विसाव्या शतकात लावलेली आहे. त्याआधी यातल्या कित्येक पायऱ्या पॅलेस्टिनी गावकरी कसत होते. पायऱ्या वेगवेगळ्या काळांत बांधल्या, दुरुस्त केल्या, वाढवल्या गेल्या, त्यामुळे सगळ्यांवर एकच ‘प्राचीन’ शिक्का मारता येत नाही.

१३. कोकणातली कातळशिल्पंही वणव्यामुळे सापडली का?

नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवरची ही शिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्यांनी सडे तुडवून आणि गावोगावच्या जाणत्यांना, गुराख्यांना विचारून नोंदवली. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला १९९३ मध्ये शिल्पं उजेडात आली तीही स्थानिकांनी सांगितल्यामुळे.

सह्याद्रीत गवत वाळून बसलं किंवा जळालं की गडावरची जोती ठळक दिसतात, हे भटक्यांना ठाऊक आहे. पण ती दिसायला मार्गशीर्ष-पौष पुरतो, आगपेटी लागत नाही.

१४. मग पाहणीसाठी मुद्दाम गवत जाळलं तर?

राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, हेतू कितीही अभ्यासू असो. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत नियोजित जाळणी होते ती गारव्याच्या दिवसांत, मंद आचेची, प्रशिक्षित माणसांकडून, आणि मोठी आग टळावी म्हणून. तिच्याआधीही पुरातत्त्वीय पाहणी करतात. गवत कापायला विळा आहेच.

१५. धरण आटल्यावर देऊळ दिसतं किंवा दुष्काळात शेतात आकृत्या उमटतात, तेही असंच का?

परिणाम सारखा, कारण वेगळं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथ मंदिर वर येतं, ते फक्त पाण्याखाली असतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळ शेतात मोठं वर्तुळ दिसलं. तिथे जुन्या बुजलेल्या चरांवरची ओल टिकून पीक हिरवं राहिलं होतं. या दोन्ही प्रकारांत अवशेष भाजत नाहीत, म्हणून प्रश्न ७ मधली चिंता तिथे लागू नाही.

१६. ट्रेकला जळालेल्या उतारावर नाणं किंवा मूर्ती दिसली तर काय करायचं?

जागेवर राहू द्या. शेजारी काठी किंवा पट्टी ठेवून जवळून एक आणि आजूबाजूचा परिसर येईल असा एक फोटो घ्या, जीपीएस स्थान नोंदवा आणि तहसील कार्यालय किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो (हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं). नेमकं स्थान मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि ताज्या जळालेल्या उतारावर फिरू नका. पोकळ बुंध्यांत पाय जातो, उभी जळकी झाडं वारा नसतानाही पडतात.

१७. आम्ही अमेरिकेत राहतो. जमिनीवर पडलेलं बाणाचं टोक उचललं तर चालतं, असं इथले लोक सांगतात. खरं का?

या समजाचं मूळ कायद्यातच आहे. १९७९ चा पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायदा संघराज्याच्या आणि आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी वस्तू हलवायला परवान्याशिवाय मनाई करतो, पण पृष्ठभागावर पडलेल्या बाणाच्या टोकाला त्यातल्या दंडाच्या कलमातून सूट आहे. ही सूट त्या एका कायद्यापुरती. राष्ट्रीय उद्यानांचे नियम स्वतंत्र आहेत, तिथे दगडी टोक, खापरी, काहीही उचलता येत नाही. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, आणि पुरलेल्या माणसांच्या अवशेषांबाबत राज्यांचे वेगळे कायदे आहेत. जळालेला भाग बंद असेल तर आत पाऊल टाकणं हाच आधी गुन्हा.